शुगर मला आहे

५ मे
आजपासून रोजनिशी. कारण शुगर. काल अड्याळच्या शिबिरात तपासली, दोनशे साठ निघाली. डॉक्टर पोरगेलासा होता, मला घाबरवायला बघत होता. मी घाबरलो नाही. उभा जन्म कृषी केंद्र चालवण्यात गेला. धानावर करपा येवो की तुडतुडा, वेळेवर डोस पडला की सगळं आटोक्यात येतं. शरीराचंही तेच.

सिस्टर म्हणाली, सोबतच्या बाईंचीही तपासून घ्या, फुकट आहे. गिरजा माझा डबा आणि छत्री धरून मागे उभी होती. मी म्हटलं, आधी माझं मार्गी लागू द्या. एका घरात एका वेळी एकच पेशंट असावा. नवरा-बायको दोघंही आजारी पडले तर बघणार कोण?

निर्धार: भात बंद, साखर बंद, पहाटे फिरणं, डोक्याला ताप नाही. दिवाळीपर्यंत शुगर खलास.

६ मे
पहिला दिवस. एकदम स्ट्रिक्ट. गिरजाने माझ्यासाठी ज्वारीची भाकर, कारल्याची भाजी, मेथीचं पाणी असं सगळं वेगळं केलं. गोळी पाण्यासकट हातात आणून दिली. दुकानात आलेल्या प्रत्येकाला मी शुगरवर माहिती दिली. दोघं खत न घेताच निघून गेले.

९ मे
डॉक्टर भात बंद म्हणाला होता, कायमचा बंद म्हणाला नव्हता. भंडारा जिल्ह्यात राहून भाताशी वैर म्हणजे पाण्यात राहून माशाशी वैर. रात्री थोडा चिन्नोर तांदळाचा भात घेतला. चिन्नोर बारीक असतो, हलका असतो, त्याची फारशी शुगर होत नसावी. आता पद्धत ठरली: भाकर तब्येतीसाठी, भात समाधानासाठी. ताटात दोन्ही थोडं थोडं ठेवून उठतो. याला कंट्रोल म्हणतात. ठेवलेलं गिरजा संपवते. तिला कंट्रोल नाही.

१३ मे, पहाटे
भंडाऱ्याहून खास बूट आणले. तलावाच्या पाळीवरून थेट हॉटेलपर्यंत चालत गेलो. तिथे तर्री-पोहे तयारच होते. उपाशीपोटी फिरणं धोक्याचं असतं, कुठेतरी वाचलंय. जिलेबीला हात लावला नाही. एक घेतली, पण ती हॉटेलवाल्याचा आग्रह मोडवला नाही म्हणून.

१४ मे
बूट चावला. विश्रांती.

१९ मे
अजून चावतोय.

२ जून
दीपमालाने घरी शुगर बघायचं मशीन पाठवलं. लेक असावी तर अशी. जावई अमर जवाहरनगरला फॅक्टरीत आहे, तो आला होता, देऊन गेला. सुई बारीक आहे, मी काही घाबरत नाही. पण नवीन मशीन थेट मुख्य पेशंटवर वापरणं शास्त्रीय नाही. फवारणीचा पंपसुद्धा आधी साध्या पाण्यावर चालवून बघतात. म्हणून आधी गिरजाच्या बोटाला टोचलं. तीनशे चाळीस! म्हणजे मशीन बिघडलेलं. मग धीर करून स्वतःला टोचलं. एकशे नव्वद. म्हणजे मशीन ठीक आहे. गिरजाने सकाळी गूळ फोडला होता, बोटाला लागला असणार.

३ जून
खात्री करावी म्हणून परत तिचंच बोट घेतलं, हात धुवायला लावून. तीनशे सत्तर. काही लोकांचं बोट मशीनला मानवत नाही. दोन पट्ट्या फुकट गेल्या.

ती विचारत होती, हे खरं असन तं मंग काय जी? मी विचारलं, तुला काही होतंय का? म्हणाली, तहान मोठी लागते, अन् पायाले मुंग्या येतात. मी म्हटलं, उन्हाळा आहे. आणि उन्हाळा आहेच.

२१ जून
भंडाऱ्याला डॉक्टरांना दाखवलं. आठवडाभर भात, गोड, हॉटेल सगळं सोडलं होतं, पोरं परीक्षेच्या आधी अभ्यासाला लागतात तसं. उपाशीपोटीची शुगर अगदी छान आली. पण हे लोक तीन महिन्यांची सरासरी सांगणारी आणखी एक तपासणी करतात. तिने घात केला. झालं गेलं उकरून काढायची ही कुठली पद्धत! गोळी वाढवली.

पायाबद्दल मात्र ताकीद दिली. अनवाणी चालायचं नाही, चिखलात उतरायचं नाही, रोज तळपाय तपासायचे. शुगर मुरली की पाय बधिर होतो, जखम झालेली कळत नाही, आणि मग पायच जातो. हे ऐकून मी जरा गंभीर झालो. हे सगळं अक्षरशः पाळणार.

२२ जून, संध्याकाळ
पायतपासणी सुरू. मी खुर्चीत. गिरजा खाली बसते, माझे पाय मांडीवर घेते, बोटांच्या बेचक्यांतून बघते, टाचेला तेल लावते. हल्ली तिला बारीक दिसत नाही म्हणते. माझा जुना चष्मा दिला. पडून राहण्यापेक्षा कामी येईल.

११ जुलै
धानाची रोवणी लागली. दरवर्षी मी स्वतः आमच्या शेतातल्या बांधीत उभा असतो, पऱ्हे, म्हणजे रोपं, नीट पडतात की नाही यावर नजर ठेवावी लागते. यंदा डॉक्टरांची मनाई. बांधीच्या चिखलात चप्पल चालत नाही, अनवाणीच उतरावं लागतं. तेव्हा माझ्या जागी गिरजाला पाठवलं. नुसतं उभं राहा म्हटलं होतं, पण बाया वाकलेल्या असताना उभं राहायची तिला लाज वाटली. तीही रोवू लागली. मी धुऱ्यावर, कोरड्या बांधावर, बूट घालून.

रोवणीच्या बायांची पुढारी रंभाबाई. ती बांधीतून ओरडली, भाऊ, वयनीले काहून उतरवलं, तिचं तोंड तं पाहा कसं उतरलं! मी सांगितलं, मला शुगर आहे. सगळ्या बाया हसल्या. अडाणीपणा, दुसरं काय.

१४ जुलै
रंभाबाईने हाक मारून धुऱ्यावरून बोलावलं. गिरजाच्या अंगठ्याला काच लागली होती. पाणी लाल दिसलं तेव्हा कळलं. खुद्द गिरजाला पत्ता नाही! दुखतं का विचारलं तर म्हणे, काईच नाही लागत जी. काय काटक बाई! माझा बूट चावला तर मी आठवडाभर घरी. हळद भरली, चिंधी बांधली. दोन बांध्या राहिल्यात म्हणून उद्या परत उतरणार म्हणते. मी अडवलं नाही. कामाची आवड असलेल्याला अडवू नये.

२२ ऑगस्ट
पोळा. पुरणपोळी एकच खायची ठरवली होती. एक बैलांच्या मानाची झाली. एक गिरजाने दिवसभर चुलीपुढे बसून केल्याची. सणावाराला मशीन काढायचं नाही, असा नियम केला. नियम असले की डिसिप्लिन राहते.

१८ सप्टेंबर
गिरजा फार बारीक झाली. फिरायला निघतो मी, वजन उतरतं तिचं. ब्लाउज आत घेऊन घेऊन शिवते. माठ दिवसातून दोनदा भरावा लागतो.

पायाला चिंधी अजून आहे. विचारलं तर म्हणाली, भरून येईन. माझे पाय तपासता तपासता तिला डुलकी लागते. काल बोटांच्या मध्ये तेल तसंच राहिलं. मी बोललो. शुगरच्या माणसाच्या बेचक्यात ओल राहणं म्हणजे काय, हे तिला समजावून सांगितलं. तिने पदराने पुसून दिलं. नंतर मला थोडं वाईट वाटलं.

१९ ऑक्टोबर
खताच्या कंपन्यांकडून दिवाळीची मिठाई आली. ढीगच. एकही डबा फोडायचा नाही ठरवलं. एक फोडला, माल ताजा आहे का बघायला. बाकी सगळे गिरजाच्या हवाली केले. म्हटलं, तू खा, तुला काय. एवढा त्याग करणारा पेशंट डॉक्टरांनी पाहिला नसेल.

२८ ऑक्टोबर
परवा आमच्या गावची मंडई, दिवाळीनंतरची जत्रा. घरोघरी लेकी-जावई, सोयरे-धायरे, रात्री नाटक. दिवाळीपेक्षा मंडईला घर जास्त भरतं. दीपमाला आणि अमर येणार. गिरजा चार दिवस सारवतेय, अनारसे तळतेय, आणि लंगडतेय. चप्पल चावली असणार. पायाचे हाल मला ठाऊक आहेत.

प्लॅन: मंडईत फक्त बिनसाखरेचा चहा. लोकांपुढे आदर्श ठेवायचा.

३० ऑक्टोबर
मंडई. लेक-जावई दुपारी आले. गिरजा त्यांना पाय धुवायला पाणी घेऊन बाहेर आली. दीपमाला पाया पडायला वाकली ती वाकलेलीच राहिली. म्हणाली, आई, हा वास कायचा येऊन राहिला? गिरजा म्हणाली, काई नाही बाई, चिंधी ओली झाली असन. दीपमालाने तिला अंगणातच खाली बसवलं आणि चिंधी सोडली.

अंगठा काळा. बाजूचं बोटही. पुढचं मी पाहिलं नाही.

अमरने गाडी वळवली. गावात ढोल चालू होते, पाव्हणे रस्त्यात थांबवून रामराम करत होते, मी गाडीत पुढे बसून सगळ्यांना हात जोडत होतो. मागच्या सीटवरून गिरजा म्हणाली, तुमची दुपारची गोळी राह्यली ना जी.

३१ ऑक्टोबर
भंडाऱ्याहून नागपूरला पाठवलं. मोठा दवाखाना. डॉक्टरांनी विचारलं, शुगर कधीपासून? मी सविस्तर सांगितलं. मे महिन्यापासून, गोळी कुठली, कधी वाढवली, फिरणं किती. त्यांनी सगळं लिहून घेतलं. मग विचारलं, इन्सुलिन कधी दिलं नाही का यांना? तेव्हा घोटाळा माझ्या लक्षात आला. मी म्हटलं, नाही नाही डॉक्टर, शुगर मला आहे. हिला नाही.

त्यांनी पेन खाली ठेवलं. दीपमाला भिंतीशी उभी होती, तिने माझ्याकडे पाहिलं नाही.

इथल्या मशीनवर गिरजाचा आकडाच आला नाही. शुगर मशीनच्या आवाक्याबाहेर गेली म्हणाले. मी विचारलं, हात धुतले होते का तिचे? सिस्टर सलाईन लावायला वळली.

३ नोव्हेंबर
अंगठा आणि बाजूचं बोट काढलं. मी दीपमालाला धीर दिला. अंगठ्यावाचून काही अडत नाही, चालता येतं. पॉझिटिव्ह राहायला हवं. ती म्हणाली, बाबा, तुमी बाहेर बसा.

७ नोव्हेंबर
पाय गुडघ्याखालून काढला. विष वर चढत होतं. सही मीच केली.

शुद्धीवर आल्यावर तिने पहिलं विचारलं, धान कापून झालं का? मी म्हटलं, झालं. झालेलं नाही. उभंच आहे. तिने रोवलेल्या बांध्या सगळ्यात चांगल्या आल्यात, हेही सांगायचं होतं. सांगवलं नाही.

१६ नोव्हेंबर
दीपमाला तिला जवाहरनगरला क्वार्टरवर घेऊन गेली. थोडे दिवस ठीक आहे. आमच्या घराण्यात कोणी लेकीच्या घरी राहिलेलं नाही. माझे वडील लेकीच्या दारचं पाणीसुद्धा घेत नसत. गिरजालाच तिथे करमणार नाही, आठ दिवसांत म्हणेल, मला घरी न्या.

तोवर नवा प्लॅन. आता तिचं सगळं मी करणार. इन्सुलिन, जेवण, ड्रेसिंग, आंघोळ, दुसऱ्या पायाची तपासणी. हे आधीच्या प्लॅनसारखं नाही. हे मनापासून लिहितोय.

१७ नोव्हेंबर
इन्सुलिन टोचायची प्रॅक्टिस वांग्यावर केली. पहिलं वांगं फुटलं. संध्याकाळपर्यंत हात बसला. मग त्याच वांग्यांची भाजी करायला घेतली. मीठ सापडलं, तिखट सापडलं. तेल कुठे ठेवते ते सापडलं नाही. चहा-बिस्किटावर भागवलं.

२४ नोव्हेंबर
अंगणातून घरात येणारा उतार बांधायचा आहे, चाकाच्या खुर्चीसाठी. गवंडी धानकापणीत अडकलाय. माझी गोळी तीन दिवस राहिली. सकाळची कुठली, रात्रीची कुठली, हे मला कधी बघावं लागलं नव्हतं. शेवटी फोन केला. गिरजाने तोंडपाठ सांगितलं, पांढरी लांबट जेवाच्या आंधी, पिवळी निजताना. मग विचारलं, पाय पाहता ना रोज? हो म्हटलं. पोट आडवं येतं, वाकता येत नाही, तळपाय दिसत नाहीत. हे कशाला सांगायचं तिला.

२ डिसेंबर
उतार झाला. मस्त झालाय. चाकाची खुर्ची भाड्याने आणून चढवून पाहिली, दरवाज्यातून आत जात नाही. दरवाजा अरुंद आहे. खुर्ची आडवी करून, उचलून आत घेता येते. गिरजा बसलेली नसताना.

टाईमटेबल मात्र तयार आहे. मोठ्या अक्षरात लिहून स्वयंपाकघरात लावलं. तिला दिसायला हवं म्हणून मोठ्या अक्षरात. लावून झाल्यावर आठवलं, वाचायचं मला आहे.

७ डिसेंबर
आणायला गेलो. गाडी ठरवली, मागच्या सीटवर गादी टाकली, उशी घेतली. रस्ताभर ड्रायव्हरला माझा प्लॅन सांगितला. त्याने मान्य केलं, म्हणाला, असा नवरा पाहिजे.

क्वार्टरचं दार उघडं होतं. गिरजा पलंगावर बसून जेवत होती. समोर स्टुलावर ताट. दीपमाला बाजूला उभी राहून, भाजी आणखी देऊ का, असं विचारत होती. शेजारच्या क्वार्टरमधली बाई काहीतरी गंमत सांगत होती आणि गिरजा तोंडातला घास सांभाळत हसत होती.

मी दारातच थांबलो. लग्नाला जन्म लोटला, हिला जेवताना मी पाहिलेलं नाही. मी जेवायचो, उठायचो, हात धुवून दुकानात जायचो. ती मागून कधी बसायची, कुठे बसायची, बसायची की उभ्याने उरकायची, मला माहीत नाही. ती प्रत्येक घासाआधी बोटाने मिठाला शिवते. हे मला आज कळलं, या वयात.

मला पाहताच ती उठायला गेली. पाय नाही हे विसरली. दीपमालाने खांद्याला धरून बसवलं. म्हणाली, तू जेव आई, बाबा थांबतीन.

मी थांबलो. तिचं झाल्यावर सगळं सांगितलं. उतार, टाईमटेबल, वांगी. वांग्यांवर ती हसली. मला वाटलं, जमलं. म्हटलं, चल घरी. ती किती तरी वेळ पदराचं टोक गुंडाळत बसली. मग म्हणाली, तिथं आली तं मी उद्याच तुमच्या पायापाशी बसन जी. मले दुसरं काई येत नाही. इथं पोरगी मले पाह्यते. मले थोडं जगू द्या.

रागावून नाही म्हणाली. रागावली असती तर मी भांडलो असतो, भांडण मला जमतं. हात जोडल्यासारखं म्हणाली. मी म्हटलं, बरं.

गादी तशीच परत आणली. घरी येऊन मी रडलो. शेजाऱ्यांना ऐकू जाऊ नये म्हणून नळ सोडून ठेवला होता. टाकी रिकामी झाली.

८ डिसेंबर
रंभाबाई दुकानात आली. वयनी कधी येते, भाऊ? सांगितलं, थंडी कमी झाली की. ती म्हणाली, थंडीचं काय आहे त्यात. तिला खताचा भाव सांगितला. तिला खत नको होतं.

१२ डिसेंबर, संध्याकाळ
फोन केला. तब्येत विचारली, ठीक म्हणाली. मग मी माझं सांगायला लागलो. काल शुगर किती, आज किती, टाच कशी भेगाळली. ती मध्येच म्हणाली, थांबा जी, माह्या सुईची वेळ झाली, मंग जेवाचं आहे. इतक्या वर्षांत तिने माझं बोलणं कधी तोडलं नव्हतं.

फोन तिने पलंगावर ठेवला, बंद करायचा राहिला. दीपमाला आत आली. सुई कुठे टोचायची यावर दोघींचं काहीतरी चाललं. मग ताट ठेवल्याचा आवाज. अमर फॅक्टरीतून आला, आईचं जेवण झालं का विचारलं. गिरजा त्याला म्हणाली, बसली बावा आताच, तुमी पण बसा.

मी कानाला फोन लावून ऐकत बसलो. ती जेवत होती. कोणी काही सांगितलं की हसत होती. मी हॅलो म्हटलं नाही. मग माझ्या फोनचं चार्जिंग संपलं.